आर्चीचे डायजेस्ट: आपण नक्की कशाला हसत होतो?

कल्हई

गेल्या आठवड्यात डोंबिवलीचं घर रिकामं केलं. आईबाबा आता भावाकडे असतात. माळ्यावर एक घंगाळं, तीन हंडे, वातीचा मोडका स्टोव्ह आणि परकराच्या नाडीने करकचून बांधलेला एक गठ्ठा. नाडी सोडली तर आर्चीचे डायजेस्ट, त्या अमेरिकन कॉमिक्सची छोटी पुस्तकं. सतरा! कडा पिवळ्या पडल्यात, वास तोच.

लेक चौदा वर्षांची. एक घेऊन बसली, अर्ध्या तासाने परत आणून दिला नि म्हणाली, "आई, यात जोक कुठाय?" मी तोऱ्यात म्हटलं, आण इकडे. मोठ्याने वाचून दाखवायला लागले. आर्चीने एकाच संध्याकाळी बेटी आणि व्हेरॉनिका दोघींना वेळ दिलेली, मग धावाधाव, मग फुलदाणी फुटते, मग व्हेरॉनिकाचे वडील लॉजसाहेब त्याला दाराबाहेर फेकतात. वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला. ती आपली बघतेय माझ्याकडे, पुढे काय म्हणून. पुढे काही नव्हतंच.

मंडळी, सातवी ते दहावी मी हे पोट धरून हसत वाचलंय. मराठी माध्यम, निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. मग मी हसत कशाला होते?

सुपारीफुटी

फुलदाणी फुटली की हसायचं. नियम होता तसा.

पावशेर

कल्हईताई, गठ्ठा रद्दीत घालू नका, पाया पडतो.

आमच्या गल्लीत जिन्याखाली लायब्ररी होती. पंचवीस रुपये डिपॉझिट. मराठी कादंबरी दिवसाला चार आणे, आर्ची मात्र आठ आणे. एवढे पैसे मोजल्यावर एक डायजेस्ट एका रात्रीत घरातल्या तिघांनी उरकायचा. मी धाकटा, म्हणून दादाच्या खांद्यावरून वाचायचो. गोष्टीची शेवटची चौकट उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात, आणि तिथे दादाचा अंगठा. तो हसला की मीही हसायचो. अंगठ्याखाली काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही. त्यामुळे मी कशाला हसायचो याचं उत्तर सोपं आहे: दादाला.

तिरकस_भोपळा

स्पष्ट बोलू का? विनोदी बिनोदी काही नव्हतं. आपण ती दुकानाची काच म्हणून वाचत होतो. सोळा-सतरा वर्षांच्या पोराकडे स्वतःची गाडी, ती खटारा का असेना. शाळेत युनिफॉर्म नाही. पोरीला घरी फोन लावायचा आणि तिच्या बापाने उचलला तर *बापाची* पंचाईत! आर्चीचा मित्र ज्यूगहेड रात्री फ्रिज उघडून उभ्या उभ्या खातोय आणि आई "ताट घे आधी" म्हणत नाही. आमच्याकडे फ्रिज आला ८७ साली, त्याला कुलूप होतं आणि किल्ली आजीच्या कमरेला.

विनोद हवा असेल तर मराठीत काय कमी होता? आर्ची आपण जीभ चाटत वाचला, इतकंच.

मधली_सुट्टी

किल्ली आजीच्या कमरेला 😂😂

गोधडी

मराठी माध्यमवाल्यांनी हात वर करा. त्या चौकटीत कुणी उसासा टाकला की एस-आय-जी-एच लिहिलेलं असायचं. आम्ही दोघी बहिणी ते "सिग" वाचायचो. बरीच वर्षं मला वाटायचं अमेरिकेतली माणसं दुःख झालं की "सिग" असा आवाज काढतात. आवंढा गिळला की "गल्प". वर्गात बाईंनी माझं नाव घेतलं की मैत्रीण मागून हळूच "गल्प!" म्हणायची. एकदा हसू आवरेना, दोघी वर्गाबाहेर. आता सांगा, हा विनोद आर्चीवाल्यांचा की आमचा?

कल्हई

गोधडी, सिग!! आमच्याकडे "सिघ". घ स्पष्ट.

भोपळेराव, जीभ चाटण्याचा मुद्दा निम्मा मान्य. पण जीभ चाटताना माणूस खिदळत नाही हो.

बोरूबहाद्दर

या विषयावर मी गप्प बसणार नाही हे जुन्या सभासदांना ठाऊक आहेच.

भोपळा म्हणतात विनोद नव्हता. अहो, होता, आणि कसबी माणसांनी केलेला होता. फक्त त्यांची नावं त्या काळात छापली जात नसत, म्हणून आपण "आर्ची छान" म्हणायचो, अमक्याचा आर्ची छान असं कधी म्हटलं नाही. फ्रँक डॉइल नावाचा गृहस्थ चाळीसहून जास्त वर्षं या गोष्टी लिहीत होता, हजारोंनी. त्याची गोष्ट पाच-सहा पानांची. प्रस्तावना नाही, पहिल्याच चौकटीत दोघं कुठल्यातरी वादाच्या मध्यावर असतात. आणि बाजूला ज्यूगहेड नाहीतर रेजी उभा राहून आर्चीच्या फजितीवर शेरे मारतोय. तमाशातल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी जे करतात तेच. गोष्ट फालतू, मजा शेऱ्यांत. पेंद्या काय म्हणाला त्याचा अर्थ मुलीला समजावून सांगायला बसलात तर तिथेही तुमचा आवाज बारीकच होईल.

दुसरी गोष्ट चित्रांची. हॅरी लूसीचा आर्ची पडताना बघा, नुसता पडत नाही, हात एकीकडे, पाय तिसरीकडे, बूट निघून वर. संवाद झाकून बघितलं तरी कळतं काय झालं ते. गोधडीला इंग्रजी न कळता हसू आलं त्यात नवल नाही. ज्यूगहेड सॅम श्वार्ट्‌झचा. बेटी-व्हेरॉनिका डॅन डीकार्लोच्या. नाव माहीत नसतानाही आपण हे हात ओळखत होतो. "हा तो बारीक नाकवाला आर्ची नको, दुसरा दे" असं लायब्ररीत म्हटलेलं आठवतं का कुणाला?

आणि कल्हईताईंच्या लेकीला एक सांगा. डायजेस्ट म्हणजे बहुतेक जुना माल. हे छोटे डायजेस्ट १९७३पासून निघायला लागले, आणि त्यांत दहा-वीस-तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी नव्यांच्या शेजारी बसवलेल्या असत. म्हणजे तुम्ही ८८ साली जे नवं म्हणून वाचलंत त्यातलं बरंचसं आईबाबांच्या लग्नाआधीचं.

निळी_शाई

अरे देवा. म्हणूनच! एका गोष्टीत व्हेरॉनिका घेरदार झग्यात, पान उलटलं की बेलबॉटममध्ये, पुढच्या गोष्टीत खांद्यात पॅड. मला वाटायचं श्रीमंत आहे, असतील कपडे.

सुपारीफुटी

आणि गरीब बेटीचेही तितकेच बदलायचे. शिवत असेल घरी.

रेवदंडी

कपड्यांवरून हसून झालं असेल तर एक विचारू? दोन हुशार मुली एका बावळटासाठी वर्षानुवर्षं एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. जाडी मुलगी, म्हणजे खायची गंमत. उंच, दात पुढे असलेली एथेल ज्यूगहेडमागे पळते, म्हणजे ती दिसली की हसायचं. मी शाळेत उंच होते, दात पुढे होते. मला मुलं "एथेल" म्हणायची. आठवी ते दहावी. म्हणून मला हा धागा वाचताना तुमच्याइतकं गोड वाटत नाहीये.

कल्हईच्या लेकीला जोक सापडला नाही, यात मला काही वाईट दिसत नाही. उलट बरंच दिसतं.

बोरूबहाद्दर

रेवदंडी, खरं आहे. यावर माझ्याकडे सारवासारव नाही.

एक फक्त माहितीसाठी. डीकार्लोच्या बेटी आणि व्हेरॉनिका यांचे चेहरे सारखेच आहेत. केस झाका, ओळखू येत नाहीत. आर्चीला निवड का जमत नाही याचं हे एक कारण म्हणा, किंवा मुलींकडे चेहरा सोडून केसच बघितले जात होते याचा पुरावा म्हणा.

तिरकस_भोपळा

रेवदंडी, +१. मी जीभ चाटत होतो म्हटलं, तुमच्या नजरेने हे वाचलंच नव्हतं कधी.

ढब्बू_पैसा

लोकहो, आम्ही वेताळवाले. इंद्रजाल कॉमिक्स, मराठीत, टाइम्सवाले काढायचे, ६४ ते ९०. घोडा, लांडगा, कवटीची अंगठी. आर्ची वाचणारी मुलं आमच्या वाड्यात "कॉन्व्हेंटची" म्हणून ओळखली जायची. वेताळ एका ठोशात माणूस आडवा करतो, आणि हा तुमचा एक पोरगी निवडू शकत नाही.

बोरूबहाद्दर

ढब्बूशेठ, गंमत ऐका. ज्या कंपनीने आर्ची काढला तिचं नाव आधी एमएलजे, तिघा मालकांची आद्याक्षरं. आणि ती ठोसेवाल्यांचीच होती! 'पेप कॉमिक्स'मध्ये अमेरिकेच्या झेंड्याचा अंगरखा घातलेला 'शील्ड' नावाचा वीर १९४०च्या सुरुवातीपासून होता, कॅप्टन अमेरिकेच्या वर्षभर आधी. त्याच मासिकाच्या २२व्या अंकात, डिसेंबर १९४१मध्ये, मागच्या पानांत हे ठिपक्याठिपक्यांच्या गालांचं पोरगं आलं. चित्रकार बॉब मोंटाना. काही वर्षांत पोराने वीरांना मासिकातून हुसकलं, आणि ४६ साली कंपनीने स्वतःचं नावच बदलून आर्ची ठेवलं. तेव्हा ठोसे कुणाला बसले ते बघा.

ढब्बू_पैसा

बोरूभाऊ, बसलो खाली.

फोडणीचा_पाव

अवांतर होईल, पण पॉप टेटच्या दुकानात हे लोक सारखे "माल्टेड" प्यायचे ते नक्की काय? बर्गर मी घरी करून बघितला होता. गोल पाव नव्हता म्हणून लादीपावात बटाटेवडा घातला, वर टोमॅटोची चकती. आई म्हणाली, "हा वडापाव आहे." मी म्हटलं, "टोमॅटो आहे ना." पण माल्टेड काही जमलं नाही. मी आपला मनातल्या मनात हॉर्लिक्स समजून वाचायचो.

अटलांटाचा_आत्या

पावा, हसू नकोस, तू बरोबर होतास! माल्टेड मिल्क म्हणजे हॉर्लिक्सच. हॉर्लिक बंधू मूळचे इंग्लंडचे, पण कारखाना टाकला अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या रसीनला. १८८३मध्ये त्यांनी त्या पुडीचं पेटंट घेतलं. आजारी माणसांचं आणि बाळांचं खाणं म्हणून. पुढे सोडा फाउंटनवाल्यांनी ती पूड आइस्क्रीम-दुधात घुसळली आणि झालं चॉकलेट माल्टेड. म्हणजे तिकडे आर्ची जे डेटवर प्यायचा ते इकडे आपल्याला टायफॉइडनंतर मिळायचं.

(नाव आत्या, आहे मी काका. लेकाने आयडी काढून दिला, चूक आता दुरुस्त होत नाही.)

मधली_सुट्टी

व्हेरॉनिका: "आर्ची, एक ग्लास, दोन स्ट्रॉ."
आर्ची: "आधी पेज पी, ताप उतरला का?"

फोडणीचा_पाव

काकाआत्या, चाळीस वर्षांनी माझ्या कल्पनाशक्तीचा सत्कार झाला. वाटीभर हॉर्लिक्स कोरडं खातो आज.

निळी_शाई

काका, आता तिकडे आहात तर सांगा, आर्चीचं गाव रिव्हरडेल नक्की आहे कुठे? एका गोष्टीत समुद्र, दुसरीत बर्फावर घसरणं. कोकण आणि मनाली एकाच पिनकोडात.

अटलांटाचा_आत्या

कुठेच नाही, मुद्दाम सांगितलेलं नाही. पण मोंटाना शिकला मॅसॅच्युसेट्समधल्या हेव्हरिलला. लिहितात लांबलचक, बोलतात "हेवरिल". एके काळी चपलाबुटांच्या कारखान्यांचं गाव. बॉस्टनला पुतण्याकडे गेलो तेव्हा हट्टाने जाऊन आलो. त्याच्या वेळच्या शाळेच्या इमारतीत आता नगरपालिकेचं ऑफिस आहे. मी बाहेर उभा राहून फोटो काढत होतो, आत लोक कर भरायला चाललेले. पुतण्या गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "काका, हे म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिका बघायला आल्यासारखं आहे."

कल्हई

डोंबिवलीला मध्ये आणायचं काम नाही.

गोधडी

ज्यूगहेडच्या डोक्यावर काय असतं हो? आम्ही मुकुट म्हणायचो. दिवाळीत पुठ्ठ्याचा करून भावाला घातला होता.

बोरूबहाद्दर

ती फेल्टची हॅट आहे. तीस-चाळीसच्या दशकांत तिकडची पोरं आणि गॅरेजमध्ये काम करणारे, वडिलांची जुनी हॅट घेऊन तिची कड करवतीसारखी कातरून वर दुमडत. फॅशन चार-दोन वर्षांत गेली, ज्यूगहेड मात्र ती घालून बसला तो बसलाच. आर्चीचा खटारा तसाच, जवळजवळ पहिल्या महायुद्धाच्या वेळचं मॉडेल, तो थेट १९८३मध्ये मोडीत निघाला आणि मग मस्टँग आली.

पावशेर

आणि लग्न शेवटी कुणाशी? तिथेही दादाचा अंगठा होता.

बोरूबहाद्दर

दोघींशी. २००९मध्ये ६००व्या अंकापासून व्हेरॉनिकाशी, मग काही अंकांनी बेटीशी, दोन्ही "असं झालं तर" छापाची. त्यातलंच पुढचं वाढवत २०१४मध्ये मोठ्या झालेल्या आर्चीला मारलाही, मित्राला वाचवताना गोळी लागून.

सुपारीफुटी

गोळी?? फुलदाणी पुरली नसती का.

वाकडी_वाट

झोया अख्तरचा सिनेमा कुणी पाहिला का? २०२३चा, नेटफ्लिक्सवरचा. साठच्या दशकातलं हिल स्टेशन, अँग्लो-इंडियन मंडळी.

मधली_सुट्टी

त्याचा वेगळा धागा काढा, इथे आधीच हॉर्लिक्स सांडलंय.

बोरूबहाद्दर

एक राहिलं होतं, आणि ते हसण्यासारखं नाही. डीकार्लोने 'जोसी' नावाचं पात्र काढलं ते बायकोवरून, तिचं नावच जोसी. २००१मध्ये जोसीवर सिनेमा आला. त्याच्या सुमारास हा म्हणाला पात्र माझं आहे, आणि कोर्टात गेला. चाळीसेक वर्षं तिथे चित्रं काढलेल्या माणसाचं काम २०००मध्ये बंद झालं. कोर्टातही निकाल त्याच्या बाजूने लागला नाही. २००१च्या डिसेंबरमध्ये गेला. आपण ज्या चेहऱ्यांना बेटी-व्हेरॉनिका म्हणून ओळखतो ते त्या माणसाचे.

रेवदंडी

हे माहीत नव्हतं. बायकोचं नाव दिलेलं पात्र दुसऱ्याच्या मालकीचं. कठीण आहे.

कल्हई

दोन दिवस धाग्यावर आले नाही, कारण घरी वेगळंच सुरू झालं.

एक कबुली आधी. सतरापैकी एकावर लायब्ररीचा जांभळा शिक्का आहे. परत करायची तारीख: १४ मे १९८९. आम्ही त्या सुट्टीत आजोळी गेलो होतो. बाकी आपण समजून घ्या.

पावशेर

पस्तीस वर्षं धरली तर १२,७७५ दिवस. आठ आण्यांनी ६,३८७ रुपये ५० पैसे. लीप वर्षांचे दिवस तुम्हाला माफ.

कल्हई

डिपॉझिट वजा करा त्यातून.

बरं, मूळ प्रश्नाकडे येते. रेवदंडीचं म्हणणं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, बरोबरच आहे, आणि एथेलच्या दोन गोष्टी शोधून काढून वाचल्या, तोंड वाकडं करून. मग ज्यूगहेडच्या सगळ्या. त्याच्यावर ती खूश आहे. "हा एकटाच नॉर्मल आहे, याला फक्त जेवायचंय." पण हसली नाही.

काल रात्री मात्र खोलीतून खो-खो ऐकू आलं. गेले धावत. तिच्या हातात तो शिक्केवाला डायजेस्ट. मध्ये एक पान असायचं बघा, प्रश्नावली: तुम्ही बेटी की व्हेरॉनिका? मी ते भरलेलं आहे. आधी पेन्सिलीने, मग खोडून, मग शाईपेनाने. दुसऱ्याच्या पुस्तकात! "शनिवारी रात्री तुम्ही काय करता" याच्यापुढे लिहिलंय, "छायागीत गुरुवारी असतं." शेवटी गुण मोजून निकाल, आणि खाली माझ्या अक्षरात मराठीतून: "बेटी. पण केस व्हेरॉनिकाचे हवेत." त्याखाली ताईच्या अक्षरात: "आधी उवा काढ."

लेक जमिनीवर लोळत होती. म्हणते, आई, हा बेस्ट जोक आहे पूर्ण पुस्तकात.

गोधडी

आधी उवा काढ 😂😂😂 सिग!

रेवदंडी

कल्हई, हे वाचून हसले मी. पहिल्यांदाच या धाग्यावर. ताईला नमस्कार सांग.

तिरकस_भोपळा

म्हणजे विनोद पुस्तकात नव्हताच. मी पहिल्यापासून तेच...

बोरूबहाद्दर

भोपळेराव, बसा.

पावशेर

कल्हईताई, दंड माफ करतो, एका अटीवर. गठ्ठ्यातल्या दहा-बारा गोष्टींच्या शेवटच्या चौकटींचे फोटो पाठवा. उजव्या पानाचा खालचा कोपरा. अंगठा न ठेवता.

कल्हई

व्यक्तिगत निरोप केलाय. बारा पाठवलेत.

पावशेर

मिळाले. बघितले सगळे, एकेक करून.

सातांत फुलदाणी फुटली आहे.